फ्यूजच्या जागी खिळा

बॅटरी चार्ज होईपर्यंत शिक्षिकाबाई गॅरेजच्या बाकावर पेपर उघडून बसल्या होत्या, पण कान मिस्त्री आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे होते.

“जुन्या जीपला समोरची तापणारी काच बसवली मी. पण बटण दाबलं की फ्यूज उडायचा. तीन उडाले.”

“मग?”

“मग त्या जागी खिळा घातला. आता काच झकास तापते!”

“खिळा? अहो, वायर वाचावी म्हणून उडतो तो फ्यूज! आता वायरच पेटेल. गाडी कुठाय?”

“ताई घेऊन गेलीय. घाटात धुक्यानं काच धूसर होते ना...”

“आधी फोन लावा. स्पीकरवर टाका.”

“ताई, काचेचं बटण बंद कर.”

“का रे? आत्ता कुठे समोरचं दिसायला लागलंय.”

“मिस्त्री म्हणतोय.”

“त्याचं काय ऐकतोस? त्याला काडीची अक्कल नाही असं म्हणत तूच घरी वायरिंग केलंस ना?”

मिस्त्रीच्या हातातली पकड जागीच थांबली. बाईंनी पेपर खाली केला.

“ताई, ऐक...”

“आणि हा वास कसला रे? नव्या काचेचा असेल, नाही?”

“ताई, अक्कल मला नाही! गाडी थांबव, खाली उतर!”