घोड्याच्या मांसावरचा आळ

बाहेर बर्फ पडत असूनही कझाकस्तानातल्या कारागांडीच्या दवाखान्यात कुल्याश घाम पुसत बसली होती. शेजारी दोन जावा बोलत होत्या.

"राउशान, काय म्हणाली गं डॉक्टरीण?"

"हसली हो जाऊबाई! अंगातून वाफा येतात म्हणून मी हिवाळाभर घोड्याचं मांस सोडलं. उष्ण पडतं ना!"

"मग?"

"मांसाचा काही दोष नाही म्हणे. पाळी गेली, इस्ट्रोजेन घटलं. त्याची औषधी पट्टी अंगाला चिकटवता येते. गर्भाशय आहे म्हणून त्याचं अस्तर जपायला सोबत दुसऱ्या हार्मोनची गोळीही हवी. नको असेल तर दुसरे उपाय आहेत."

"आणि कॅन्सर?"

"तेच विचारलं. थोडा धोका असतो, म्हणून सगळं तपासूनच देतात. मी पट्टी घेतली."

"आणि मांस?"

"आजच शिजवते. तुम्हीही या!"

कुल्याशनं उठून खिडकी सताड उघडली.

"अहो, वारं लागेल!" रांग ओरडली.

"लागू दे!" दोन्ही जावा एकदम म्हणाल्या.