बिनविरोध अध्यक्ष

...आणि वर मलाच अध्यक्ष केलं! तुम्हाला सांगतो, ज्या माणसाचं आयुष्याकडे एकच मागणं आहे, रविवारी जेवून दुपारभर आडवं पडू द्या, त्याला इमारतीचा अध्यक्ष? आणि मी केलं काय होतं? मी फक्त एक फिल्टर लावला होता हो.

म्हणजे बघा, आपल्या इमारतीची ती ईमेलची यादी. एकाने लिहिलं की घरोघरी जातं. आणि लिहितात काय? दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, 'लिफ्टचं दार कोणी उघडं टाकलं?' लगेच वरच्या मांजरवाल्या काकू, 'रोख कळला बरं का डॉक्टर, आमचं मांजर जिन्यानेच जातं.' मग मांजराच्या बाजूने काही लोक, लिफ्टच्या बाजूने काही, आणि प्रत्येक मेलला माझ्या उशाशी फोन टुंग. डोळा लागला की टुंग. शेवटी वैतागलो आणि चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे तोच तो फिल्टर. यादीवरचा मेल आला रे आला की न वाजता, न दिसता जाऊन एका फोल्डरात पडायचा. काय झोप लागली म्हणता...

काही महिने सुखात गेले आणि एका रविवारी दारात डॉक्टर आणि काकू. दोघं एकत्र! हातात फुलं. काकू म्हणतात, 'अभिनंदन, बिनविरोध निवडून आलात.' अहो, पण मी उभा कधी राहिलो? तर डॉक्टर, 'यादीवर तुमचं नाव सुचवलं, हरकत असल्यास कळवा म्हटलं, तुम्ही कळवली नाहीत. आणि खरं सांगू? इथे जो तो एकमेकांशी भांडलाय. तुम्ही एकटे कुणाला अवाक्षर बोलला नाहीत. केवढा तो संयम.' संयम कसला, मी झोपलो होतो! आमची ही आतून म्हणते, 'यांचा संयम मी लग्नापासून बघतेय.'

झालं. अध्यक्ष म्हटल्यावर फिल्टर काढावा लागला. पुन्हा टुंग. अध्यक्ष, मांजर. अध्यक्ष, लिफ्ट. मग मी डोकं चालवलं... नको होतं चालवायला. दारोदार फिरलो आणि सगळ्यांना तीच स्क्रिप्ट बसवून दिली. आठवड्यात इमारत गार! डॉक्टर लिहितात, काकूंना दिसत नाही. काकू लिहितात, डॉक्टरांना पत्ता नाही. जिन्यात भेटले की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. लोक म्हणायला लागले, असा अध्यक्ष आजवर झाला नाही. अरे, मी फक्त एक फिल्टर...

पण लिहून उत्तर येईना, तेव्हा मंडळी थेट माझी बेल वाजवायला लागली. कधी? रविवारी. दुपारी. म्हटलं बस झालं, राजीनामा. तर नियम असा, की राजीनामा यादीवर टाकायचा आणि निदान एका सभासदाने उत्तरात 'मंजूर' लिहायचं. टाकला. कोणी वाचेल तर शपथ. काकूंना तोंडी सांगायला गेलो, तर म्हणतात, 'तोंडी नको हो, नियम म्हणजे नियम. यादीवर टाका, मी वाचते की.' बायकोला म्हटलं, तू तरी लिही. ती म्हणते, 'वाचलंय मी, पण मंजूर करायचं म्हणजे तुम्ही दिवसभर घरात घोरणार ना?' आता बोला. मी फक्त एक फिल्टर लावला होता हो...

तुम्ही तरी वाचाल का? एकच शब्द लिहायचाय... हं. सवड झाली की. बरं, बरं. या, बसा. काय तक्रार होती तुमची?