दवाखान्याचं जाकीट

“हॅलो? … हां, अस्मिता, बोल. आला का बाबांचा रिपोर्ट? … अगं, हळू बोल, इथे सगळं ऐकू जातं.”

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या त्या! हेमाताई ओट्यापाशी, आणि पलीकडे कॉटवर शरच्चंद्र, पोटाच्या कॅन्सरने आडवे झालेले. पेपर तोंडासमोर, कान इकडे. गॅलरीत जावं तर ‘एवढं काय गुपित?’ म्हणून हाक मारणार. माणसानं जायचं तरी कुठे?

“हो, हो… अगं ऐक ना! स्नायू झिजतायत म्हणजे काय? वजन तर तेवढंच आहे. दर केमोच्या आधी काट्यावर उभे राहतात, नर्स लिहून घेते. अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न. … वजन उतरायच्या आधीच रक्तात कळतं? … हो, म्हणाले होते डॉक्टर. स्नायू तुटायला लागले की रक्तात कसलेसे पदार्थ वाढतात म्हणे. पण तपासणी नवी आहे, एकट्या तिच्यावर भरवसा नको, वजनाशी ताडून बघू, हेही तेच म्हणाले ना? … मग? काटा काय खोटं बोलतो?”

पलीकडे पेपर खाली आला.

“… जेवतात गं. जेवतात म्हणजे… दोन घास. नंदावन्सं डिंकाचे लाडू देऊन गेल्या, ते डब्यात तसेच. … पायजम्याची नाडी? मीच बांधते. रोज जरा जास्त आवळते. मला काय डोळे नाहीत? पण काटा म्हणतो अठ्ठावन्न, मग मी म्हणते, बाई, तुलाच भास होतोय. … उद्या सकाळी आहे डोस. … काय? औषध वजन बघून ठरवतात? म्हणजे वजन चुकलं तर अंगाला झेपणार नाही एवढं जाईल? … अगं बाई! … काट्यावर काय घालून म्हणजे? शर्ट, पायजमा आणि ते जाकीट. … हो, उन्हातसुद्धा. मला वाटलं, थंडी वाजत असेल. … बघते. थांब, खुंटीलाच आहे.”

हेमाताईंनी जाकीट काढलं आणि त्यांचा हातच खाली ओढला गेला. एका खिशात दोन किलोचं लोखंडी वजन, दुसऱ्यात एक किलोचं. मंडईमागचं किराणा दुकान विकलं तेव्हा हट्टाने घरी आणलेली. जन्मभर तागडी धरली या माणसाने. गिऱ्हाइकाला चिमूटभर जास्तच घातलं, कमी कधी नाही. आणि म्हातारपणी स्वतःच्याच मापात पाप!

शरच्चंद्रांनी कॉटवरून हात जोडले होते. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या नागोरावांचा डोस वजन उतरलं म्हणून थांबवला होता, आणि पुढच्या खेपेला नागोराव दिसलेच नव्हते. तेव्हापासूनची ही धास्ती. धास्ती काय, हेमाताईंनाही होतीच.

“… काय निघालं म्हणून काय विचारतेस? काही नाही गं. रुमाल आहे. … हो, रुमालच. … रडत नाहीये मी, फोडणीचा ठसका लागला. … हॅलो? हॅलो?”

लाइन गेली. सुटले, असं हेमाताईंना वाटून गेलं, आणि वाटल्याची लाजही वाटली. गॅसवर फोडणी नव्हतीच, गॅस बंद होता.

“अहो, सोडा ते हात! मला काय देवी केलीत? डोस थांबला तर तुम्ही म्हणणार हिने थांबवला. आणि दिला, नि तुम्हाला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू? कुठे अडकवलंत हो मला!”

फोन पुन्हा वाजला. शरच्चंद्र नुसती मान हलवत होते, नको, नको. हेमाताईंनी त्यांच्याकडे पाठ केली.

“हॅलो? … अस्मिता, रुमाल नव्हता. तीन किलो लोखंड होतं. डॉक्टरांना आत्ता फोन लाव.”