वरून सगळं दिसतं

…आणि वर मलाच विचारतात, काका, तोंड का उतरलंय? आता तुम्हीच सांगा, सव्वीस वर्षं एकाच टेकडीवरच्या जंगलात झाडं मोजलेल्या माणसाचं तोंड उतरणार नाही तर काय फुलणार? प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर टेप लावायची, घेर लिहायचा, खोडाला नंबरचा पत्रा ठोकायचा, पान हाताला लागत नसलं तर साल खरवडून वासावरून जात ओळखायची… एकदा असा वास घेताना मुंग्या नाकात गेल्या, नाक सुजून टम्म, बायको म्हणते, "झाडं राहू द्या, आता तुम्हीच ओळखू येईनात." तर तुम्हाला सांगतो, एवढं सोसून दोनशे अकरा जाती वहीत लिहिल्या, आणि एके दिवशी ऑफिसात आली ती नकाशावाली. माझ्या धाकटीच्या वयाची. म्हणते, "काका, आता आत जायलाच नको. विमानाला कॅमेरा लावायचा. प्रत्येक जातीचं पान उजेड वेगळा परत फेकतं, कॅमेऱ्याला ते कळतं. वरून सगळं दिसतं."

वरून सगळं दिसतं म्हणे! आणि आमचे साहेब, जे जंगलात एकदाच आले आणि गाडीतून उतरले नाहीत, ते म्हणतात, "वा, म्हणजे पायपीट बंद." पायपीट बंद म्हणजे माझं काय, हे कुणी विचारलंच नाही.

पण यंत्राला आधी शिकवावं लागतं. "तुम्ही फक्त तीनशे झाडांची नावं सांगा काका, बाकीची ते ओळखेल." म्हणजे बघा, जो माझ्या पोटावर पाय देणार त्याची शिकवणी मीच घ्यायची! डोकंच सणकलं. निघालो तिला घेऊन. "काका, हे कुठलं?" सांगितलं नाव. "आणि हे?" तेच. "ते पलीकडचं?" तेच. "पण पानं वेगळी दिसतात…" म्हटलं, म्हातारं झालंय ते, माझे तरी केस पूर्वीसारखे कुठे आहेत? तीनशे झाडं, एक नाव. बिचारीने सगळं लिहून घेतलं. तिच्या पायाला दोन जळवा लागल्या होत्या, मला दिसत होत्या, बोललो नाही. वरून सगळं दिसतं ना, मग दिसतील.

मग विमान आलं. आमचं क्वार्टर टेकडीच्या पायथ्याशी. पंधरा दिवसांनी ऊन पडलं म्हणून बायकोने घरातला कपडा न कपडा वाळत घातलेला. वर बघत म्हणते, "अहो, आपलं घर दिसलं असेल का हो त्यांना?" म्हटलं, दिसलं असेल की.

महिन्याने नकाशा भिंतीवर लागला. अख्खी टेकडी एका रंगात, जात एक. हिरवं ते सगळं सारखंच, हे यंत्र माझ्याकडूनच शिकलं होतं. आणि खाली कोपऱ्यात एक ठिपका, लाल, निळा, पिवळा, जांभळा… 'सर्वाधिक विविधता, अडतीस जाती.' चष्मा पुसून बघितलं. आमची दोरी. माझे पायजमे, बायकोच्या चादरी.

साहेब म्हणाले, "तो नवा रस्ता टेकडीवरूनच जाऊ द्या, झाडं तोडा. एकच तर जात आहे, कुठेही लावू. तो ठिपका मात्र राखीव."

अहो, त्या टेकडीवर सहा जातींचं तर एकेकच झाड उरलंय. तसाच आत शिरलो, सांगून टाकलं, साहेब, मी मुद्दाम खोटी नावं सांगितली. साहेब शांतपणे म्हणतात, "अस्सं. मग सव्वीस वर्षांच्या वह्यासुद्धा मुद्दामच खोट्या लिहिल्यात का?" मी नकाशावालीकडे बघितलं. एवढीच आशा. तिने पायावरचा जळवांचा डाग खाजवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, काकांचं वय झालंय."

सोमवारी काम सुरू झालं. मला काढलं नाही हं, साहेब दयाळू. त्या ठिपक्याचा राखणदार केलंय. वर करवत चालते आणि मी दोरीखाली खुर्ची टाकून बसतो. पडतानाच्या आवाजावरून कळतं कुठलं गेलं. नंबरासकट.

काल आभाळ भरून आलं, बायको म्हणते, "अहो, कपडे काढू का?" म्हटलं, नको. एक पायजमा काढलास तर एक जात नामशेष केली म्हणून मला मेमो येईल. ती म्हणते, "गुपचूप काढते, कोण बघतंय?"

नको गं बाई. वरून सगळं दिसतं.