ताणावरची बाग

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या अल्याड, बाप संत्रावाला, आजाही संत्रावाला, म्हंजे मी झाडाखालीच वाढलो, काय सांगू तुमाले, शाळेतून आलो का दप्तर फेकून पानी ओलाले बागेत. अन् आता मी ड्रोन उडवतो. रस्त्याच्या कामावर. पह्यले मोजनीवाले साखळी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधावरून फिरत, आता मी वरून फोटो घेतो, मुरमाचा ढीग केवढा, नाला कुठून जाते, सारं त्याच्यातून निघते.

अन् ते कोनीही उडवत नाही बरं. कोर्स करा लागते, परीक्षा देऊन लायसन घ्या लागते, ड्रोनले गाडीसारखा नंबर असते, चारशे फुटाच्या वर न्यायचा नाही, नजरेआड जाऊ द्यायचा नाही, अन् आमच्याकडं विमानतळ जवळ, त त्यायची परवानगी. म्या सारं केलं. कायद्यानं मले जे जे इचारलं त्याचं उत्तर माह्यापाशी हाय.

झालं असं का पौषात नव्या रस्त्याची मोजनी होती. दोन रेघा होत्या, एक पडीकातून, एक सिंधुमावशीच्या बागेतून. सिंधुमावशी म्हंजे माह्या मायची लहान बहीण, माय गेल्यावर तिनंच मले जेवू घातलं. आता पौषात बाग ताणावर असते. म्हंजे पानी तोडाचं, झाड सुकू द्याचं, पानं झडू द्याची, मंग पानी देलं का अंगभर फूल येते. हे आमच्याकडं लेकरालेही समजते. रस्त्याच्या कामाचे साहेब पडले बाहेरचे. त्यायनं स्क्रीनवर पाह्यलं, म्हने ही बाग मेलेली दिसते, हो ना पायलट? मी म्हनलो, हो सर.

काहून म्हनलो? गाडीत सारे मले पायलट म्हनत. त्यायच्यासमोर ताण अन् बहार सांगत बसलो असतो त पुन्हा बागवाल्याचा पोरगा झालो असतो. वाटलं, मंग सांगू. मंग कोन सांगते. रेघ बागेतून गेली, पडीकात म्हने वळण जास्त पडते, अन् बाग त तशीही मेलेली.

आता तेच झाड फुलून राह्यलं. झाडाझाडात लाल खुट्या ठोकल्या अन् त्यायच्यावर पांढरी फुलं पडून राहिली. मावशी म्हने, बापू, तुह्या मशीननं काही चुकीचा फोटो काढला वाटते, पुन्हा उडव ना. परवानगी काढली, उडवला, फोटो नेला. साहेब काही वाईट मानूस नाही, फोटो पाहून म्हने, तेव्हा तूच हो म्हणाला होतास, आता बागवालीनं हरकत घेतली आहे, तिच्या सुनावणीत सांग. त्या मशीननं त जे होतं तेच दाखोलं बावा. खोटं मी बोललो.

परवा मावशीले सांगून टाकलं. भाकर थापत होती. हात थांबला नाही तिचा, म्हने जेव. म्या म्हनलो, मावशी, काही बोल त खरं. म्हने, मले सांगून काय होते, तिथं चार लोकायसमोर बोलजो.

उद्या अमरावतीले सुनावनी हाय. ज्याच्याकडं मी कामाले हाय त्या ठेकेदाराचा फोन आला, म्हने तिथं उभा राह्यला त कामावर येऊ नको. सदरा मावशीनंच धुतला, इस्तरी करून ठेवला. तेवढं करते, पन बोलत नाही माह्यासंग, अन् तेच लय लागते मले. तुमी फक्त म्हना का तिची बाग राहो. माह्यं काय, मले पानी ओलता येते.