बावीस मिनिटांची रेकॉर्ड

सुमनवहिनी, बाळाराम, आणि मधूभाऊंच्या या ओटीवर दाटीवाटीने बसलेले तुम्ही सगळे,

मला बोलायला सांगू नका, असं मी आधीच म्हटलं होतं. रडू येईल म्हणून नव्हे. राग येईल म्हणून. मी कॉन्व्हेंटात शिकले. सिस्टरांनी तिथे गोड बोलायला नाही शिकवलं, खरं बोलायला शिकवलं. तेव्हा आता ऐकून घ्या.

माझ्याआधी एक सद्गृहस्थ बोलले. म्हणाले, मधूभाऊंच्या रेकॉर्डी वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवू, कपाटाला कुलूप लावू, म्हणजे त्यांची आठवण जपली जाईल. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. कुलूप. अहो, त्या माणसाने जन्मभर दुसरं काय केलं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. नव्वदच्या आसपास घरोघर कॅसेटी आल्या आणि लोकांनी रेकॉर्डी भंगारात काढल्या. मधूभाऊ त्या गोळा करत हिंडले. मुरबाडचा बाजार, वाशिंदचा भंगारवाला, लग्नात लाउडस्पीकर लावणारे जुने लोक. टोकावड्याहून बाळाराम एसटीने यायचा, तांदळाच्या गोणीत रेकॉर्डी घालून. दर रविवारी दुपारी आम्ही इथे बसायचो. बाळाराम भातशेतीवाला, मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, आणि मधूभाऊ. आतून वहिनींचा चहा.

आता सांगा, एवढ्या रेकॉर्डी असलेला माणूस आज काय ऐकायचं ते कशावरून ठरवत असेल? मनाला वाटेल ते? रागाची वेळ बघून? छे. मधूभाऊ घड्याळ बघून ठरवायचे. भारनियमनात लाइट किती वाजता जाते ते त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं. ते बघा, अजून आहे. लाइट जायला पाच मिनिटं असली की एक छोटी रेकॉर्ड. दहा असली की दोन छोट्या. कारण मध्येच लाइट गेली की तबकडी मंदावते, गाणाऱ्याचा आवाज खाली खाली बसतो, रेडा हंबरल्यासारखा होतो आणि थांबतो. ते त्यांना सोसायचं नाही. म्हणायचे, "बाई, गाणाऱ्याचा अपमान होतो."

शिवाय चांगली रेकॉर्ड झिजते, म्हणून खरखरणारी लावायची. असं करत करत आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडचं सगळ्यात वाईट तेवढं ऐकलं.

मी निवृत्त झाले तेव्हा त्यांना एक रेकॉर्ड दिली. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेली. एका बाईंचं गाणं. एका बाजूला एकच राग, बावीस मिनिटं. मुंबईच्या दुकानात मी नुसती सुरुवात ऐकली होती. दोन मिनिटांत दुकानदाराने सुई उचलली. घरी वाजवायला काही नव्हतं, घेऊ घेऊ म्हणत राहून गेलं. त्या बाई पुढे काय गायल्या, ते मला आजवर माहीत नाही. मधूभाऊंनी कव्हरवरून हात फिरवला. म्हणाले, "लावू की. आज नको. लाइट जाईल."

सात वर्षं ती रेकॉर्ड कपाटात उभी आहे.

बाळाराम म्हणायचा, "भाऊ, लाव ना रे बाईंची मोठी. आमी म्हातारे झाल्यावर आयकायची काय?"

"तू झालायस म्हातारा. गप बस."

आणि आतून वहिनी, "बाई, तेंच्या नादी लागू नका. माझा लग्नातला शालू पन तेंनी असाच ठेवाया लावला. कसरीनं खाल्ला."

मग निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी लाइट जाणार नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. बोटाला शाई लावून आम्ही दुपारी हजर. मधूभाऊंनी रेकॉर्ड काढली. मखमलीच्या तुकड्याने पुसली. प्लेअरवर ठेवली. मी पदर सावरून बसले. त्यांनी सुई उचलली, वाकून निरखली आणि थांबले. "बाई, सुई झिजलीय. चरा पडेल. कल्याणहून नवी आणतो, मग लावू." त्या दिवशी रात्रीपर्यंत लाइट होती. आम्ही लग्नातल्या बँडच्या रेकॉर्डी ऐकल्या.

नवी सुई त्यांनी आणली बरं का. परवा वहिनींनी खण उघडला. सुई डबीत, आणि डबीवरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही.

मंगळवारी सकाळी ते दाढी करायला बसले. अर्धी झाली होती.

मला त्यांचा राग येतो. माझा जास्त येतो. एक्स्चेंजमध्ये जन्मभर मी ट्रंककॉलवर लोकांना सांगत आले, तीन मिनिटं झाली, वेळ संपली. आणि मलाच कळू नये? मी कोणाला बोलायची बाकी ठेवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. एकदा दटावून "लावा" म्हटलं असतं, तर लावली असती त्यांनी. पण म्हटलं नाही. मीही चांगल्या रविवारची वाट बघत बसले.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलंय. माझी विनंती वेगळी आहे. बाळारामने सकाळी नवी सुई बसवली. वहिनींना मी विचारलं. म्हणाल्या, "लावा बाई. आता कोन नको म्हननारं हाय?"

पाचाला दहा कमी आहेत. पाचला लाइट जाते. म्हणजे बावीस मिनिटं मिळणार नाहीत. आवाज बसेल, हंबरेल, थांबेल. थांबू दे. कोणी हसायचं नाही. कोणी चपला शोधायच्या नाहीत. लाइट परत येईपर्यंत इथेच गप्प बसायचं आणि उरलेली ऐकायची. त्यानंतर ज्याला अजूनही कुलूप लावायचं असेल, त्याने उठून तसं सांगावं.

मधूभाऊ, नमस्कार करते. आज तुमचं ऐकणार नाही.

बाळाराम, लाव.