देवघरातला टिकी मग

माझ्या टिकी मगचं काय झालं ते तुला सांगितलंच नाही ना? अरे, हवाईच्या ज्वालामुखीच्या देवीचा, पेलेचा तोंडवळा असलेला तो कॉकटेलचा लालभडक मग! शुक्रवारी त्यातून रम प्यायची असं ठरवलं होतं. हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून घरी येतो तर तो देवघरात, अन्नपूर्णेशेजारी. कपाळाला कुंकू, पुढ्यात वरणभात!

"आई, अगं, दारू प्यायचा मग आहे तो!"

"देवी आहे असं तूच म्हणालास ना? ग्लासांच्या रांगेत कशाला ठेवायची तिला?"

त्यात त्याच संध्याकाळी आमच्या वॉर्डमधली नर्स केलानी जेवायला येणार होती. ती मूळची हवाईची. तिला ही थट्टा वाटली तर? मी तो मग उचलणार तेवढ्यात बेल वाजली.

केलानी आत आली आणि देवघरापाशी थबकलीच. हळूच म्हणाली, "माझी आजी रानातली फळं आधी हिला द्यायची, नंतर आम्हाला. हवाई सोडल्यापासून हिच्यापुढे कुणी जेवण ठेवलेलं मी आज पहिल्यांदा बघतेय."

मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "तिला विचार, देवीला वरणभात चालतो का?"

मी विचारलं. केलानी हसली नाही. आईसारखे हात जोडून म्हणाली, "चालला."

अंगावर काटा आला रे. रम अजून सीलबंद आहे.